टीव्ही देण्याआधी एक दिवस वर्गात बसा

प्रति,
शाळांना टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर देणारे सर्व दाते, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, मुंबई-पुण्यात स्थायिक झालेली गावोगावची मंडळी आणि कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक कामांवरचा खर्च पाहणारे) विभाग यांस

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. नोकरीला 19 वर्षं झाली. आमची शाळा घाटमाथ्यावरच्या एका वाडीत आहे. पहिली ते चौथी, पट 23, शिक्षक दोन. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. तुमच्यापैकी काहींनी आमच्या शाळेला मदत केलीय, काहींनी शेजारच्या वाड्यांना. रविवारची सुट्टी मोडून, गाडी घाटातून वर आणून तुम्ही येता, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवता, जाताना गहिवरता. ही माया खोटी नाही, हे मी जवळून पाहिलंय. म्हणूनच पुढची वस्तू देण्याआधी आमचं थोडं ऐकून घ्या, एवढ्यासाठी लिहितेय.

आमच्या शाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात 8 टॅब आहेत. दोन टॅबच्या बॅटऱ्या फुगून मागची झाकणं उचलली गेलीत. तीन चार्जिंगच घेत नाहीत. उरलेले तीन चालू होतात, पण त्यात भरून दिलेला अभ्यास ज्या पाठ्यपुस्तकांवर होता ती पुस्तकं बदलली आणि ॲप नव्याने भरून देणारं कोणी राहिलं नाही. वरच्या खणात प्रोजेक्टर आहे, त्याचा दिवा गेलाय. हे सगळं डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवलेलं आहे. एकदा नोंद झाली की वस्तू बंद पडली तरी आम्हाला ती टाकता येत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव करायचा, तो मंजूर व्हायचा, तोवर ती सांभाळायची. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल येते, म्हणून कोरडं असं ते एकच कपाट. गोष्टीची पुस्तकं मात्र टेबलावर प्लास्टिकखाली असतात, कारण कपाटात जागा नाही.

टीव्हीचीही हकिकत सांगते. गावाने लोकवर्गणी काढून तो घेतला होता. मोलमजुरी करणाऱ्या बायांनी पन्नास-पन्नास रुपये दिले होते, ती यादी अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या पावसाळ्यात वीज कमी-जास्त झाली आणि टीव्ही गेला. दुरुस्तीचं दुकान जिल्ह्याच्या गावी. सर मोटारसायकल चालवत होते, मी मागे बसून गोधडीत गुंडाळलेला टीव्ही दोन्ही हातांनी धरला होता. आतलं बोर्ड जळलं होतं, खर्च 4,200 रुपये. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं 10,000 रुपये. खडू, हजेरीपत्रकं, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती आणि विजेचं बिल सगळं त्यातच. पैसे आम्ही दोघांनी घातले. पुढच्या वर्षी तेच झालं, तेव्हा मात्र हिंमत झाली नाही. टीव्ही आजही भिंतीवर आहे. मुलं रोज त्याला फडक्याने पुसतात.

हे वाचून आम्हा शिक्षकांना यंत्रं नकोतच, असं तुम्हाला वाटेल. तसं मुळीच नाही. माझ्या वर्गात या वर्षी सगळ्यात मोठा बदल घडला तो एका यंत्रानेच. माझ्या जुन्या मोबाईलने.

तिसरीत एक मुलगी आहे. वाचताना ती शब्दांची शेवटची अक्षरं गिळायची. ‘झाडावर’चं ‘झाडाव’, ‘सकाळी’चं ‘सका’. मी सारखी सांगत होते, “बाळा, पूर्ण वाच.” ती मान डोलवायची आणि पुन्हा तसंच वाचायची, कारण आपण पूर्ण वाचतोय असंच तिला वाटत होतं. जूनमध्ये एकदा मी तिचा परिच्छेद मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि तिलाच ऐकवला. ती पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून ऐकत होती. तिसऱ्या ओळीला बोट थांबलं. “बाई, ‘वर’ कुठं गेलं?” मी काहीच बोलले नाही. ती म्हणाली, “परत करा.” त्या दुपारी तिने तो परिच्छेद नऊ वेळा वाचला. नवव्या वेळी स्वतःच म्हणाली, “आता आलं.” आता वर्गात हा रोजचा नेम झालाय. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मोबाईल धरायचा, मग दोघांनी मिळून ऐकायचं. इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही. त्या मोबाईलची काचही फुटलेली आहे.

वाचणाऱ्याला स्वतःचं वाचन ऐकू येत नाही, ही माझी अडचण होती आणि ती फळ्याने सुटत नव्हती. तिथे यंत्र कामाला आलं. तुम्ही दिलेल्या आठ टॅबमध्येही रेकॉर्डरची सोय होती. पण ते आले तेव्हा त्यांच्यावर कुलूप होतं, ठरवून दिलेल्या ॲपशिवाय काही उघडत नसे. आमच्या मुलांचं काय अडतं, हे टॅब भरणाऱ्यांपैकी कोणी विचारलं नव्हतं. मला वाटतं, सगळी गोष्ट इथेच आहे. वर्गात नेमकं कुठे अडलंय हे ज्याला दिसतं त्याच्या हातात वस्तू निवडण्याचा अधिकार नसतो.

ज्या शाळांची नावं आपण कौतुकाने घेतो, तिथे काय झालं ते पाहा. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव राज्यातली पहिली डिजिटल शाळा म्हणून झालं. ती संदीप गुंड या तिथल्याच शिक्षकाने उभी केली, आपल्या पाड्यावरच्या मुलांकडे बघून. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. शाळेतल्या मुलांना कळेल अशा भाषेत धडा पोचावा, कविता कानावर पडावी, ही त्यांची गरज होती. कोड ही त्या गरजेवर काढलेली युक्ती. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोड आले आणि 2020 मध्ये डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. पष्टेपाडा काय, परितेवाडी काय, आधी शिक्षकाला प्रश्न पडला, मग त्याने साधन शोधलं.

2015 च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्यानंतर गावोगाव डिजिटल शाळेची लाट आली. मी तेव्हा दुसऱ्या शाळेत होते. आम्ही शिक्षक गाड्या करून एकमेकांच्या शाळा बघायला जात होतो. त्या दिवसांतली उमेद मी विसरणार नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) प्रतिभा भराडे मॅडमांनी विस्तार अधिकारी असताना जे काम उभं केलं, तेही त्याच सुमारास राज्याने पाहिलं. तिथल्या वर्गांत फरशीवर आखलेली चित्रं आणि तक्ते होते, खडे, बिया, काड्या होत्या. मुलं गटागटाने जमिनीवर बसून आपापलं शिकत होती, बाई मध्ये फिरत होत्या. मूल आपलं ज्ञान आपणच अनुभवातून रचतं, याला म्हणतात ज्ञानरचनावाद. हा जडजंबाल शब्द तिथे मला डोळ्यांना दिसला. परत आल्यावर लोकांनी विचारलं, “तिथं टीव्ही केवढा होता?” कुमठ्याहून शिकून यायचं होतं ते मुलांना बोलू कसं द्यायचं, हे. ते गाडीत घालून आणता येत नाही. टीव्ही आणता येतो, म्हणून सगळ्यांनी टीव्ही आणले. त्यात मीही होते.

पडद्याविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण दात्यांचा सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच होतो. टीव्हीवर पाठ लावला की वर्ग एकदम शांत होतो. पाहुणे खूश होतात, “किती एकाग्र झालीत मुलं!” म्हणतात. पण मुलं शांत बसली म्हणजे ती शिकत असतात असं नाही. तयार पाठातला आवाज शहरी असतो, वेग भरभर असतो, मागे संगीत असतं. आमची मुलं घरी जी मराठी बोलतात ती त्यात कुठेच नसते. सात मिनिटांनी पाठ संपतो आणि “काय बघितलं?” विचारलं की उत्तर येतं, “कार्टून.”

मग मी एक करून पाहिलं. शेजारच्या मोठ्या शाळेतला टीव्ही मागून आणला आणि पाण्याच्या जलचक्राचा व्हिडिओ आवाज बंद करून लावला. मुलांना म्हटलं, आता यात जे चाललंय ते तुम्ही सांगायचं. पहिल्यांदा कोणी बोलेना. मग एक जण म्हणाला, “पानी तापलं. वाफ उठली.” दुसरा म्हणाला, “वाफ न्हाई, धुकं हाय. आपल्याकडं सकाळी असतंय तसलं.” वाफ आणि धुकं यावरून दोघं भांडले. मी व्हिडिओ थांबवला. चुलीवर भात शिजवणाऱ्या मावशींकडून पातेल्यावरचं झाकण आणलं, त्याच्या आतल्या बाजूचे थेंब दाखवले. त्या सात मिनिटांच्या पाठाला आम्हाला पाऊण तास लागला. त्यात पडदा चालू होता तो जेमतेम दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा घरातल्या हंड्यावरची ताटली घेऊन शाळेत आला, थेंबांसकट. वाटेत ते सगळे सांडले होते, तरी तो सांगत होता की होते.

तुम्हाला दाखवण्यासारखं यात काही नाही. फोटो काढला असता तर बंद आवाजाचा टीव्ही, दंगा करणारी मुलं आणि हातात झाकण धरलेली बाई, एवढंच आलं असतं.

काही नव्या कल्पनांना तर वीजही लागत नाही. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायचे, हा त्यातलाच एक खेळ. मी तो चौथीला दिला. चौकोन केला की तो डुगडुगतो, कसाही दाबला जातो. त्रिकोण हलत नाही. पाचच मिनिटांत एक मुलगा म्हणाला, “म्हणून आमच्या कुडाला तिरपी काठी मारलीय व्हय!” मला हे सुचलं नसतं. तो घरी गेला आणि बापाला विचारून आला की तिरप्या काठीला काय म्हणतात. खर्च वीस रुपयांच्या आत.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचंही नाव घ्यायला हवं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये तो सुरू केला. शाळा सोडलेली मुलं तिथे हातांनी कामं करत शिकू लागली. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मदतीने खेडेगावात फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली तीही पाबळलाच. म्हणजे अगदी नवं तंत्रज्ञान खेड्यात रुजू शकतं. पण तिथे आधीपासून वेल्डिंग करणारी, पंप दुरुस्त करणारी, जमीन मोजणारी मुलं होती. यंत्र आलं तेव्हा त्याला काम तयार होतं.

परदेशातलाही एक अनुभव सांगते, कारण सीएसआर विभागांना आकडे लागतात. पेरू देशात सरकारने ग्रामीण भागातल्या मुलांना मोठ्या संख्येने लॅपटॉप दिले. 319 प्राथमिक शाळांत त्याचा अभ्यास झाला. शाळांत संगणक आले, मुलं ते वापरायला शिकली, पण गणित आणि भाषेच्या चाचणीत फरक पडला नाही. उलट दिल्लीतल्या काही केंद्रांत मुलांना शाळेबाहेरच्या वेळेत संगणकावर गणित आणि हिंदी शिकवलं गेलं, तेव्हा साडेचार महिन्यांतच दोन्हींत चांगली प्रगती दिसली. तिथला कार्यक्रम मूल इयत्तेने कुठे आहे हे बघत नव्हता, प्रत्यक्षात त्याला काय येतं ते तपासून तिथूनच पुढे नेत होता. सोबत शिकवणारा माणूसही होता. संगणक पेरूतही होते आणि दिल्लीतही.

आणि मोबाईल मुलांना शिकवावा लागत नाही, हेही लक्षात घ्या. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या 2024 च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारलं होतं. 80 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असं सांगणारी 57 टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी 76 टक्के. माझ्याकडून पाचवीला गेलेली मुलं सुट्टीत भेटतात तेव्हा मला हेच दिसतं. यंत्र हाताशी आहे, त्याला काय विचारायचं ते कोणी शिकवलेलं नाही.

आता मागणं. तुम्ही देताच आहात, तर असं द्या.

आधी एक दिवस येऊन वर्गात बसा. सत्कार नको, मुलांचं लेझीम नको, नारळ नको. मागच्या बाकावर बसा आणि बघा. दोन इयत्ता एका खोलीत कशा चालतात, एका वर्गाला काम लावून दुसऱ्याकडे वळायला किती वेळ मिळतो, रेंज कुठे आहे (आमच्याकडे देवळाच्या पारावर आहे, शाळेत नाही), पंखा सुरू केला की बल्ब किती मंद होतो. मग शिक्षकाला एकच विचारा, “तुमचं कुठे अडतंय?” उत्तर ‘टीव्ही’ असेल तर पुढचं विचारा, “कोणत्या पाठाला?” ज्या शिक्षकाने विचार केलाय तो लगेच सांगेल. ज्याने केलेला नाही त्याला आठ दिवस द्या, तोही सांगेल. आम्हाला हा प्रश्न कोणी विचारतच नाही, म्हणून उत्तराची सवय राहिलेली नाही.

दहा शाळांना दहा टीव्ही देण्यापेक्षा तीन शाळांना द्या आणि उरलेले पैसे तीन वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवा. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टरची बॅटरी, विजेचं बिल, दुरुस्तीला ने-आण. कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचा कायदा 2013 चा आहे आणि शिक्षण त्यात बसतं. वस्तूचं बिल फाइलला लावायला सोपं जातं आणि देखभालीचं अवघड, ही तुमची अडचण मी समजू शकते. पण ती सोडवायला तुमच्याकडे माणसं आहेत. आमच्याकडे सर आणि मी आहोत.

जे द्याल ते इंटरनेटशिवाय चालणारं द्या. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे पाठ मी तालुक्याला मीटिंगला गेले की उतरवून घेते. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या मी पेनड्राइव्हवर आणते. मुलांना त्यांतल्या पंधरा-वीस छापून दिल्या तर माझ्या मते त्या टॅबपेक्षा जास्त टिकतील. यंत्रावर कुलूप घालू नका. रेकॉर्डर, कॅमेरा, नकाशा या तीन गोष्टी उघड्या असू द्या. एकदा मी मोबाईलवर उपग्रहाने काढलेलं आमच्या वाडीचं चित्र दाखवलं. मुलांनी आधी चिंच ओळखली, चिंचेवरून शाळा, शाळेवरून घरं. मग ओढा कुठून येतो ते बोटाने वर वर शोधत गेली आणि धरणापाशी पोचली. त्या धरणात त्यांच्यातल्या कितीजणांच्या आजोबांची जमीन गेलीय. त्यावर तास संपेपर्यंत बोलत होती. तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्ह्याचा नकाशा आहे, तो त्या दिवसानंतर त्यांना वाचता येऊ लागला.

शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं असेल तर कंपनीचा माणूस पाठवून बटणं समजावू नका. एखाद्या शाळेत चांगलं काम करणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात आम्हाला दोन दिवस बसू द्या, जाण्यायेण्याचा खर्च द्या. मी कुमठ्यात एक दिवस बसून जे शिकले ते कुठल्याच हॉलमध्ये शिकले नाही.

आणि एक कळकळीची विनंती. उद्घाटनाला याल तसे वर्षानेही या. आधी न कळवता. कपाट उघडायला सांगा. वस्तू चालू असेल तर मुलांना विचारा की तिच्यावर काय केलं. बंद असेल तर शिक्षकाला रागावू नका, कधी आणि कशाने बंद पडली ते विचारा आणि लिहून घ्या. पुढच्या शाळेला देताना ते कामाला येईल.

त्या आठ टॅबचं काय करायचं, तेही सांगा. निर्लेखनाचा प्रस्ताव मी करीन, पण फुगलेल्या बॅटऱ्या मुलांच्या खोलीत ठेवायला मला भीती वाटते. ज्यांनी दिले त्यांनीच जुनी यंत्रं परत नेण्याची सोय केली तर फार उपकार होतील. तेवढा खण मोकळा झाला की पुस्तकं आत ठेवता येतील.

आमच्याकडे यायचं असेल तर सकाळी या. साडेदहाला परिपाठ होतो, अकराला तिसरीचं वाचन. शेवटची एसटी घाट उतरते ती चारला. त्या मुलीचं जूनमधलं वाचन मी अजून पुसलेलं नाही. ते तुम्हाला ऐकवेन, आणि मग ती तुमच्यासमोर वाचेल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका